आरशातले पाहुणे

सकाळी चहाचा कप घेऊन ती खोलीत गेली, तर बाबा कपाटाच्या आरशासमोर उभे. सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावलेली, केस ओले करून चापून बसवलेले, आणि हात जोडून आरशातल्या माणसाला म्हणत होते, "या, या! कधी आलात? असे उभे का? बसा ना." मग त्याला वाट द्यायला ते बाजूला सरकले, तोही सरकला, आणि बाबांना त्याचं भारीच कौतुक वाटलं. "किती रीतीचे आहेत बघा," ते तिला म्हणाले. ती हसली. हसू ओठांवर आलं आणि तिथेच विरलं, कारण बाबा गंमत करत नव्हते. त्यांनी तिच्या हातातून कप घेतला आणि आधी पाहुण्यांपुढे धरला. पाहुण्यांनीही कप पुढे केला. "अहो, हे काय!" बाबा मोठ्यानं हसले, "आमच्याकडे चहा पाहुण्यांनी आणायचा नसतो!" गेल्या वर्षभरात एकेक करून कितीतरी गोष्टी गेल्या होत्या. शेजाऱ्यांचं नाव गेलं, धाकट्याचं गेलं, आईचं गेलं, शेवटी तिचंही गेलं आणि बाबा तिला "तुम्ही" म्हणायला लागले. त्या प्रत्येक वेळी तिनं मनाला समजावलं होतं, की असू दे, बाबा स्वतः तर आहेत ना. आता तोही आधार गेला. स्वतःचाच चेहरा परका झाल्यावर माणसानं जायचं तरी कुठे?

तिनं स्वयंपाकघरात जाऊन धाकट्याला फोन लावला. तिचा भाऊ, मोठा हिशेबी, पण मनानं वाईट नाही. तो म्हणाला, "ताई, झालं मग. वृद्धनिवासातल्या बाईंनी सांगितलंच होतं, हे होणार. आरसे झाकून टाक. नाहीतर घाबरतात गं ते, आतल्या माणसाच्या अंगावर धावून जातात. आणि मी संध्याकाळी गाडी घेऊन येतो. खोली रिकामी झालीय, आज नेलं नाही तर दुसऱ्या कुणाला देतील." ती म्हणाली, "पण घाबरले नाहीत ते. चहा विचारत होते." "आज चहा, उद्या काठी," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, तिला लागू नये म्हणून जपून म्हणाला, "तो माणूस गेला ताई. आता जे उरलंय ना, ते नुसतं उरलंय. तू किती दिवस त्याच्याशी बोलत बसणार आहेस?" यावर तिला काहीतरी सणसणीत बोलायचं होतं. पण तीच शंका कित्येक महिने तिलाही कुरतडत होती, फक्त तिनं ती अशी तोंडानं उच्चारली नव्हती. तिनं धुतलेली चादर काढली, कपाटाच्या दारांत वरून खोचली, बेसिनवरच्या आरशावर टॉवेल टाकला. बाबा लक्ष देऊन बघत होते. "झोपायचंय का त्यांना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "हो," ती म्हणाली. आयुष्यात बाबांशी ती फारशी खोटं बोलली नव्हती, आणि हे तर किती सोपं गेलं. दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशी आल्या तशी ती चपला घालून बाहेर पडली.

तिचं काम डोळे बनवण्याचं. खोटे डोळे, ज्यांचा एक गेला त्यांच्यासाठी, दुसऱ्याला जुळेल असा. माणसाला समोर खुर्चीत बसवायचं, आपण गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसायचं, आणि त्याच्या शाबूत डोळ्यात बघत बघत इवल्याशा चकतीवर रंगाचा थर द्यायचा. तो वाळला की वर पाण्याचा थेंब ठेवून बघायचं, कारण ओला रंग आणि कोरडा रंग यांत जमीनअस्मानाचा फरक. मग पुढचा थर. पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे धागे उकलून, केसाहून बारीक करून शिरा म्हणून बसवायचे. लोकांना वाटतं डोळा काळा असतो नाहीतर तपकिरी. कुठलं काय! प्रत्येक तपकिरी डोळ्यात पिवळं असतं, करडं असतं, एखादा हिरवा ठिपका असतो जो त्या माणसाच्या आईनंसुद्धा पाहिलेला नसतो. आज समोर पोहायला शिकवणाऱ्या बाई होत्या. एक डोळा आजारात गेलेला, आवाज मात्र तलावाच्या पार पलीकडे पोचेल असा. "एवढं काय सापडतं हो माझ्या डोळ्यात?" त्यांनी विचारलं. "लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्यानं सगळी मिळून एवढं बघितलं नसेल." ती हसली आणि तिचा कुंचला कडेच्या बाहेर गेला. तपकिरी रंग पांढऱ्यात उतरला. असं तिच्या हातून होत नसे. तिनं तो पुसला, पुन्हा मान वर केली, आणि बाईंच्या बुबुळात तिला स्वतःचं डोकं दिसलं, टाचणीच्या टोकाएवढं, मागे खिडकी. ते रोजच दिसतं. दिसतं म्हणूनच ती इतक्या वर्षांत बघायची थांबली होती. एकदा बाबा इथे आले होते, धडधाकट असताना. मखमलीच्या ट्रेमध्ये ओळीनं मांडलेले डोळे बघून खूप वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सगळे बघतायत खरे. पण 'मी आहे' म्हणणारा एकही नाही." तिला तेव्हा हसू आलं होतं. कुठेही न्या, बाबांची गाडी त्या एका वाक्यापाशी येऊन थांबायचीच.

बाबा चर्चचे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात जुन्या भाषा शिकवत, आणि रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर त्यांच्या पुढच्या खोलीत माणसं जमत. जमिनीवर सतरंजी, खुर्च्या म्हाताऱ्यांना. आई आतून पाण्याचे पेले पाठवायची. बाबा शास्त्रातली एक ओळ घेत, आधी मूळ भाषेत वाचत आणि मग त्या ओळीभोवती असे काही फिरत की ऐकणाऱ्याला घर, तहान, उकाडा, कशाची शुद्ध राहत नसे. ती तेव्हा शाळेत होती, दाराच्या आड बसायची. जळणाऱ्या झुडपाची गोष्ट तिनं तिथेच ऐकली. मेंढरं राखणारा माणूस झुडपातल्या आवाजाला विचारतो, की लोकांनी मला तुझं नाव विचारलं तर काय सांगू? आणि देव नाव म्हणून सांगतो ते एवढंच, की मी आहे. "आता बघा," बाबा म्हणाले होते, आणि त्यांचा आवाज उलट बारीक झाला होता, "तुम्ही सकाळी जागे होता. अजून तुम्हाला तुमचं नाव आठवलेलं नाही, वार आठवलेला नाही, कुणाचं देणंघेणं आठवलेलं नाही. तरी काहीतरी आठवलेलं असतंच. काय? तर 'मी आहे'. मग त्याच्यापुढे तुम्ही जोडत जाता. मी शिंपी आहे, मी बाप आहे, मी पापी आहे, मी कुणीच नाही. हे सगळं नंतरचं. ते अंगावर घातलेले कपडे. पण पहिला शब्द त्याचा आहे. त्याचं नाव घेतल्याशिवाय तुम्हाला स्वतःचं नावसुद्धा घेता येत नाही." तेवढ्यात कुणीतरी दारावर थाप मारली, आतून आईनं सवयीनं विचारलं, "कोण?" आणि बाहेरून उशिरा आलेला एक जण म्हणाला, "मी आहे." बाबा इतके खूश झाले की टाळीच वाजवली. "ऐका! ऐका! दारावरचा माणूस नाव सांगत नाही, आणि आपण दार उघडतो!" त्या रात्री न्हाणीघरात दिवा न लावता उभी राहून ती स्वतःशी म्हणत राहिली, मी आहे, मी आहे, मी आहे. आधी नुसते शब्द होते, मग हळूहळू नाव गळलं, शाळा गळली, मुलगी असणंसुद्धा गळलं, आणि जे काही उरलं ते इतकं मोठं आणि इतकं शांत होतं की घाबरून तिनं दिवा लावला. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. बाबांनासुद्धा नाही.

आणि ते नुसतं बोलणं नव्हतं, हे तिला आजही ठासून सांगावंसं वाटतं. बोलणारे पुष्कळ असतात. बाबा दूधवाल्याला, झाडूवाल्याला, गल्लीतल्या शेंबड्या पोरांना "अहो, तुम्ही" म्हणत. एकदा एक दारुडा भलत्याच घरात शिरला, तर त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तो जाईपर्यंत स्वतः उभे राहिले. पाहुणे जेवल्याशिवाय ते घास तोंडात घालत नसत. मग पाहुणा गॅसचा सिलिंडर आणणारा का असेना. आई वैतागायची. "तुमच्या बाबांना सगळ्यांत देव दिसतो," ती म्हणायची, "फक्त नळ गळायला लागला की प्लंबरच लागतो." घरातल्यांना मात्र बाबा तू म्हणत. त्यावरही आईचं उत्तर तयार होतं: "घरात एवढा मान परवडत नाही." पुढे मोठे पाळक घरी आले. भले गृहस्थ, चहा संपेपर्यंत विषय काढवेना त्यांना. "मास्तर, तुमचं शिकवणं बंद करावं लागेल," शेवटी म्हणाले. "माणूस देवाचं लेकरू आहे, हे ठीक. पण माणसाच्या आत बोलणारा तोच आहे म्हटलं, की लोक घाबरतात." बाबा म्हणाले, "खरं आहे. प्रभूनं हेच सांगितलं, तुमच्याच शास्त्रात तुम्हाला देव म्हटलंय म्हणाला, तेव्हा लोकांच्या हातात त्याला मारायला दगड होते. तुम्ही तर चहा घेऊन बोलताय." आणि दोघंही हसले. पुढच्या रविवारी सतरंजी घातली गेली नाही. बाबांनी त्याबद्दल कधी एक कडू शब्द काढला नाही. पाळक रस्त्यात भेटले की आधी हात बाबांचे जोडले जात. ती मोठी झाली, तिनं पुष्कळ माणसं पाहिली, इतक्या जवळून पाहिली की त्यांचे पापण्यांचे केस मोजता यावेत. पण आपल्या म्हणण्याला असा जागणारा माणूस तिला दुसरा भेटला नाही.

म्हणूनच तर तिच्या जिवाची तगमग होती. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही कोण?" बाबा म्हणाले, "मी आहे." "हो, पण कोण?" बाबांनी त्यांच्याकडे मंद विद्यार्थ्याकडे बघावं तसं मायेनं पाहिलं आणि सावकाश पुन्हा सांगितलं, "मी आहे." बाहेर आल्यावर डॉक्टर तिला म्हणाले, "नाव राहिलेलं नाही त्यांच्याजवळ. वाक्य अर्धंच राहतंय." तिला ओरडून सांगावंसं वाटलं, की अर्धं नाही हो, तेवढंच वाक्य आहे! पण ओरडायला खात्री लागते. कुणी सांगावं, खरोखरच अर्धं असेल. कपडे एकेक करून उतरले आणि आत 'मी आहे' म्हणणारा उभा आहे, की कपडे उतरले आणि आत कुणीच नाही? बाबा शांत होते, हे तर कुणालाही दिसत होतं. पण भरलेलं घर शांत असतं आणि रिकामं घरही शांत असतं. बाहेरून कसं कळणार? धाकटा म्हणतो ते खरं असेल तर बाबा आज काय आणि उद्या काय, कुठल्याही खोलीत राहू शकतात. आणि मग बाबांनी जन्मभर जे सांगितलं, तेही एका हुशार मेंदूचा खेळ होता म्हणायचं. मेंदू विझला, खेळ संपला. बाबा जाणार याच्यापेक्षा हे जाणार याची तिला भीती वाटत होती, आणि अशी भीती वाटते याची लाजही.

दुपारी मावशींचा फोन आला. "ताई, आजोबा जेवत नाहीत. सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा नाही. ताट वाढलं तर उचलून त्या चादरीपुढे नेऊन ठेवलं, आणि बसलेत. म्हणतात, ते उठल्याशिवाय कसं जेवायचं? मला तर काही समजेना बाई." तिनं कुंचला खाली ठेवला. पोहायला शिकवणाऱ्या बाई एका डोळ्यानं तिच्याकडे बघत होत्या. "घरचं काही?" "वडील," ती म्हणाली. "हा थर वाळू दे. उरलेलं उद्या केलं तर चालेल?" "जा, जा! माझा डोळा कुठे पळून जातोय?" बाई म्हणाल्या. बसमध्ये तिला जागा मिळाली पण ती बसली नाही. झोपलेत म्हणून सांगितलं आपण. आपण खोटं बोललो आणि त्यांनी ते खरं मानून उपास धरला, दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून. एवढं ज्याला कळतं तो गेला, असं कसं म्हणायचं? पण लहान मूलसुद्धा बाहुलीला भरवतं. तिच्या मनात दोन्ही बाजू आळीपाळीनं बोलत होत्या, आणि तिचा थांबा आला तेव्हा दोन्ही दमल्या होत्या.

मावशींनी आतून कडी घातली होती. तिनं थाप मारली. "कोण?" आतून बाबांचा आवाज आला. "मी," ती म्हणाली. "मी आहे." कडी लगेच निघाली. "या, या!" बाबांच्या चेहऱ्यावर ओळख नव्हती, आनंद तेवढा होता, आणि तो ओळखीपेक्षा तसूभर कमी नव्हता. ओठावर बोट ठेवून ते म्हणाले, "हळू चला हं. आत पाहुणे झोपलेत." खोलीत स्टुलावर ताट होतं, वाढलेलं, गार झालेलं, त्यावर स्वच्छ रुमाल. समोर चादर. ती तडक चादरीकडे गेली तर बाबांनी तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती. "नको. उठवू नका." मग पलंगाच्या कडेवर बसून ते चादरीकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "इतका वेळ कुणी झोपतं का हो? बरं नसेल त्यांना? का माझंच काही बोलणं लागलं? सकाळी मी त्यांना हसलो." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला भेटायचंच नसेल त्यांना." जन्मभर ज्यानं कुणालाही दारातून परत पाठवलं नाही, त्याच्याच तोंडावर तिनं दार लावलं होतं, तेही एका धुतलेल्या चादरीनं.

ती त्यांच्यासमोर खाली बसली. सवयीनं बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी, चेहरा चेहऱ्याजवळ. बाबांच्या बुबुळाभोवती म्हातारपणाचं निळसर कडं होतं, तपकिरीत पिवळं होतं, आणि खालच्या बाजूला एक हिरवा ठिपका. इतक्या वर्षांत तिनं जगाचे डोळे पाहिले, हा पाहिला नव्हता. "बाबा," ती म्हणाली, "मी खोटं बोलले. ते झोपलेले नाहीत." बाबा तिच्याकडे बघायला लागले. आधी चेहऱ्याकडे, मग जवळ येत येत एका डोळ्याकडे. त्यांचा श्वास तिच्या गालाला लागला. आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "अरेच्चा! इथे आहात होय!" ते म्हणाले. हात जोडले गेले. "मी आपला तिकडे शोधतोय, आणि तुम्ही यांच्याकडे उतरलात!" ती पापणीसुद्धा हलवेना. बाबांनी अगदी निरखून पाहिलं. "छान उजेड आहे हो तुमच्या घरात," ते म्हणाले. हे पाहुण्यांना म्हणाले की तिला, ते तिला कळलं नाही, आणि कळून घ्यायची गरजही तिला वाटेनाशी झाली. बाबा तिला "तुम्ही" म्हणायला लागल्यापासून तिला आतून लागत होतं, आपण परक्यांत गेलो म्हणून. आता तिच्या लक्षात आलं, की बाबांनी ज्यांच्यापुढे जन्मभर हात जोडले, आपण त्यांच्यात गेलो आहोत. तिला रडू फुटलं. बाबा घाईघाईनं म्हणाले, "अहो, रडू नका, ते भिजतील!" आणि त्या रडण्यातच तिला हसू आलं.

पण जेवणाचा प्रश्न सुटला नव्हता. बाबांनी ताट तिच्या डोळ्यापुढे धरून पाहिलं आणि मान हलवली. "एवढ्याशा जागेत ताट कसं जायचं?" आता मात्र मावशींनीही हात टेकले. तेवढ्यात खाली गाडीचं दार आपटलं, जिन्यात बूट वाजले, आणि दारावर थाप पडली. धाकटा ठरल्यापेक्षा लवकर आला होता. अशा गोष्टी लवकर उरकलेल्या बऱ्या, असं त्यानं ठरवलं असणार. बाबांनी मान वर केली. "कोण?" त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं. रविवारचा आवाज होता तो. "मी आहे," बाहेरून धाकटा म्हणाला, दमलेला, थोडा चिडलेला. बाबांनी तिचा हात दाबला. "उघडा, उघडा! तेच आलेत."

तिनं दार उघडलं. धाकटा किल्ल्या बोटात फिरवत आत आला आणि थबकला. समोर बाबा उभे होते, चुकीची बटणं, ओले डोळे, दोन्ही हातांत ताट, आणि त्याच्याकडे असे बघत होते की असं त्याच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. ना आईनं, ना बायकोनं, ना मुलांनी. त्यानं तिच्याकडे पाहिलं. "बाबा," तो म्हणाला, "बाबा, मी..." आणि पुढचं त्याला सुचेना. मी तुमचा मुलगा म्हणावं, तर ते त्यांना माहीत नव्हतं. मी तुम्हाला न्यायला आलोय म्हणावं, तर जीभ वळेना. "मी..." तो पुन्हा म्हणाला.

"बास," बाबा म्हणाले. "एवढं पुरे. बसा. किती वाट बघायला लावलीत!"

धाकटा बसला. बाबांनी रुमाल काढला, ताट त्याच्या मांडीवर ठेवलं आणि समोर उभे राहिले. "ताई, मला भूक नाहीये गं," तो पुटपुटला. "जेव," ती म्हणाली. "सकाळपासून थांबलेत तुझ्यासाठी." त्यानं एक घास घेतला. गार अन्न चावून गिळेपर्यंत त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, लहानपणी व्हायचा तसा. तो घास उतरलेला पाहून बाबा पलंगावर बसले आणि समाधानानं म्हणाले, "आता मलाही वाढा." मावशी लगबगीनं आत गेल्या.

"नेऊ नकोस," ती भावाला म्हणाली. "बाबा आहेत. इथेच राहतील." आवाज चढवावा लागला नाही तिला. तो मान खाली घालून खात राहिला. किल्ल्या त्याच्या शेजारी पडल्या होत्या. मग त्यानं विचारलं, "आणि रोज असं जेवले नाहीत तर?"

"तर तू यायचंस," ती म्हणाली आणि उठून आरशावरची चादर काढायला लागली.